तंबाखूच्या शेतातले शिल्पकार

1970 साली पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला ऱ्होडेशिया, म्हणजे आजचा झिंबाब्वे, सोडावा लागला. 1964 पासून तो तिथल्या स्मारक-खात्यात वरिष्ठ निरीक्षक होता. ग्रेट झिंबाब्वेचे प्रचंड दगडी कोट आफ्रिकी माणसांनी, आजच्या शोना लोकांच्या पूर्वजांनी बांधले, हे उत्खननातून सिद्ध झालेलं सत्य तो बोलत आणि लिहीत राहिला. इयान स्मिथच्या गोऱ्या सरकारला ते खपणारं नव्हतं. काळ्या माणसाने असं काही उभारलं होतं हे एकदा मान्य केलं, की त्याच्या जमिनीवर राज्य करण्याचा हक्क डळमळीत होतो. म्हणून फिनिशियन, अरब, शेबाची राणी, कुणालाही श्रेय देण्याची तयारी होती, फक्त तिथल्या माणसांना सोडून.

पुढच्याच वर्षी, 1971 मध्ये, पॅरिसच्या रोदँ संग्रहालयात एक प्रदर्शन भरलं. दगडातली शिल्पं होती आणि ती घडवणारे सगळे त्याच ऱ्होडेशियातले काळे लोक होते. कुणी शेतकी खात्यात काम केलेलं, कुणी पोलिसात, कुणी तंबाखूच्या मळ्यावर. 1972 मध्ये लंडनच्या आयसीए या संस्थेतही त्यांची शिल्पं मांडली गेली. मायदेशी ज्यांच्या पूर्वजांना दगडावर दगड रचता येत होता हेही नाकारलं जात होतं, त्यांची कला रोदँच्या घरात उभी होती. शोना शिल्पकलेची गोष्ट मला 1970 आणि 1971 या दोन वर्षांमुळे महत्त्वाची वाटते. तिच्याबद्दल एक सोपी कथा सांगितली जाते: ग्रेट झिंबाब्वेच्या पाथरवटांची विद्या पाचशे वर्षं निजली होती, ती विसाव्या शतकात जागी झाली. कथा सुंदर आहे, पण खरी नाही. जे खरं घडलं ते त्याहून मोठं आहे.

सुरुवात दगडापासून करायला हवी. झिंबाब्वेच्या मधोमध, जवळजवळ उत्तर-दक्षिण, ग्रेट डाइक नावाची एक भूशास्त्रीय रचना सुमारे 550 किलोमीटर पसरली आहे. अडीचशे कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातला तप्त रस वर चढला आणि इथे थिजला. त्यात क्रोमियम आहे, प्लॅटिनम आहे आणि शिल्पकारांच्या दृष्टीने महत्त्वाचा असा सर्पेंटाइन आहे. हा दगड हिरवा, करडा, तपकिरी, काळा, अनेक रंगांत मिळतो. त्याची सर्वांत कठीण, जवळपास काळी जात तिथे ‘स्प्रिंगस्टोन’ या नावाने ओळखली जाते. पूर्वेच्या न्यांगा डोंगराळ भागात शंखजिऱ्यासारखा मऊ दगडही सापडतो. चाकूनेही तो कोरता येतो.

दगडात प्रतिमा घडवण्याचा प्राचीन पुरावा म्हणजे ग्रेट झिंबाब्वेचे पक्षी. शंखजिऱ्याच्या उंच खांबांच्या टोकावर कोरलेले असे आठ पक्षी तिथे होते. गरुडासारखा देह, पण काहींना चोचीऐवजी ओठ आणि नख्यांऐवजी पायाची बोटं. 1889 मध्ये विली पोसेल्ट या शिकाऱ्याने त्यातला एक उचलला आणि तो पुढे सेसिल ऱ्होड्सकडे गेला. 1891 मध्ये थिओडोर बेंटने आणखी काही पक्षी केपटाउनला नेले आणि या वास्तू परक्यांनी बांधल्याचं पुस्तकही लिहिलं. 1905 मध्ये रँडल-मॅकआयव्हरने आणि 1929 मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन या बाईंनी त्याचं म्हणणं पुराव्यानिशी खोडून काढलं, तरी सत्तेला ते पटलं नाही. देश स्वतंत्र झाल्यावर 1981 मध्ये दक्षिण आफ्रिकेने चार पक्षी आणि एकाचा तुकडा परत केला. बदल्यात मधमाश्या-गांधीलमाश्यांच्या कुळातल्या कीटकांचा एक मोठा संग्रह घेतला. आज तोच पक्षी झिंबाब्वेच्या ध्वजावर आहे.

आपल्या किनाऱ्याचाही या पठाराशी संबंध होता. तिथलं सोनं सोफालाच्या बंदरातून बाहेर पडे आणि गुजरात-कोकणातलं कापड आणि काचमणी आत जात. ग्रेट झिंबाब्वेच्या मातीत भारतीय काचमणी सापडले आहेत. त्या राज्यानंतर उत्तरेला मुतापांचं राज्य आलं. त्यांच्या दरबारात 1560 च्या अखेरीस पोचलेला जेझुइट पाद्री गोन्सालो दा सिल्वेरा गोव्याहून निघाला होता. काही महिन्यांतच, 1561 मध्ये, तो तिथे मारला गेला. पुढे 1752 पर्यंत पोर्तुगीज मोझांबिकचा कारभार गोव्याच्याच अखत्यारीत होता. सिल्वेरा मेला त्याच उत्तरेकडच्या मुलखाच्या कडेला आजचं गुरूवे आहे. ते नाव पुढे पुन्हा येईल.

पण पक्ष्यांपासून विसाव्या शतकापर्यंत दगडी शिल्पांची अखंड परंपरा दाखवता येत नाही. होती ती लाकूड, माती आणि लोखंडाची. डोक्याखाली घ्यायची लाकडी उशी शोना कारागीर इतक्या देखण्या भौमितिक नक्षीने कोरत, की संग्रहालयांनी त्या जपून ठेवल्या. घराघरांत बायका मडकी घडवत, त्यांवर रेघोट्यांची नक्षी काढत. ढोल होते, म्बिरा हे पोलादी पट्ट्यांचं वाद्य होतं, कुऱ्हाडींचे कोरीव दांडे होते. मिशनऱ्यांनी यात थोडी भर घातली. बुलावायोजवळच्या सायरीन मिशनमध्ये कॅनन एडवर्ड पॅटरसन 1940 च्या सुमारापासून मुलांना चित्रकला आणि कोरीवकाम करू देत होता. मासविंगोच्या बाजूला सेरिमा मिशनमध्ये जॉन ग्रोबर या स्विस पाद्री-वास्तुकाराने अख्खं चर्च विद्यार्थ्यांच्या लाकडी कोरीवकामाने भरून टाकलं. या दोन्ही ठिकाणी शिकलेले काही हात नंतर दगडाकडे वळले.

1957 मध्ये सॉल्सबरीत, म्हणजे आजच्या हरारेत, ऱ्होड्स नॅशनल गॅलरी उघडली. उद्घाटनाला इंग्लंडच्या राजमाता आल्या होत्या आणि पहिल्या प्रदर्शनात रेम्ब्रांटपासून पिकासोपर्यंतची चित्रं होती. गोऱ्या वस्तीला युरोपची कला घरबसल्या पाहता यावी, हा हेतू. त्यासाठी पहिला संचालक म्हणून नेमला गेला फ्रँक मॅकएवन. मेक्सिकोत जन्मलेला हा इंग्रज पॅरिसमध्ये शिकला होता, हेन्री फोसिलाँ त्याचे गुरू. युद्धानंतर तो ब्रिटिश कौन्सिलतर्फे पॅरिसमध्ये कलाविभाग पाहत होता आणि पिकासो, ब्राक, ब्रांकुसी यांना ओळखत होता. असा माणूस एका वसाहतीच्या राजधानीत आला आणि गोऱ्या वस्तीच्या आवडीनिवडीचा त्याला लवकरच कंटाळा आला.

गॅलरीत पहारेकरी म्हणून थॉमस मुकारोब्ग्वा कामाला होता. न्यांगाच्या बाजूचा, शोना चालीरीतींचा उत्तम जाणकार. मॅकएवनने त्याला रंग दिले आणि त्याची चित्रं पाहून तो चकित झाला. नंतर दोघं तासन्‌तास बोलत. पूर्वजांचे आत्मे, पाऊस, कुळं, स्वप्नं, हे सगळं मॅकएवनला मुकारोब्ग्वाने समजावलं. या कलेच्या इतिहासात मॅकएवनला शिक्षक आणि बाकीच्यांना शिष्य म्हटलं जातं. माझ्या मते पहिला शिक्षक मुकारोब्ग्वा होता. संचालकाला काय पाहायचं हे पहारेकऱ्याने शिकवलं.

गॅलरीच्या तळघरातून एक कार्यशाळा उभी राहिली. मॅकएवनची पद्धत पॅरिसच्या गुस्ताव मोरोकडून उचललेली होती: शिकवायचं नाही, नमुने दाखवायचे नाहीत, शिष्याच्या आत जे आहे ते बाहेर येऊ द्यायचं. युरोपी कलेची पुस्तकं तो त्यांच्यापासून लांब ठेवी. सुरुवात चित्रांनी झाली. मुकारोब्ग्वा आणि जोसेफ न्दांदारिका यांची 1962 मधली चित्रं न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयात आहेत. त्याच वर्षी मॅकएवनने सॉल्सबरीत आफ्रिकी संस्कृतीची आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. त्या संग्रहालयाचे आल्फ्रेड बार, कवी त्रिस्तान झारा, पिकासोचे चरित्रकार रोलंड पेनरोज असे लोक तिला आले होते. ज्या शहराच्या गोऱ्या वस्तीत काळ्या माणसाला मालकीचं घर घेता येत नव्हतं, तिथे हे घडलं.

दगड मात्र गॅलरीने शोधून दिला नाही. तो शोधला जोराम मरीगाने.

मरीगाचा जन्म 1927 चा. वडील आणि थोरला भाऊ लाकूड कोरत, आई मडकी करत असे. तो स्वतः सरकारच्या शेतकी खात्यात नोकरीला होता, न्यांगाच्या डोंगरात शेतकऱ्यांना मशागतीच्या पद्धती दाखवत फिरे. 1950 च्या दशकाच्या शेवटी तिथे रस्त्याचं काम चालू असताना त्याला मऊ हिरवट दगड मिळाला. सोबतच्या लोकांना घेऊन तो त्यातून चाकूने छोट्या वस्तू कोरू लागला. पहिली वस्तू दुधाचा जग होता. मग प्राणी, मग माणसं. न्यांगात राहणाऱ्या पॅट पिअर्स या बाईंनी ते काम पाहिलं आणि मॅकएवनच्या कानावर घातलं. मॅकएवनने प्रोत्साहन दिलं आणि मरीगाची शिल्पं गॅलरीत पोचली.

पुढे मरीगा मऊ दगडावर थांबला नाही. मऊ दगड हाताला लगेच वश होतो, पण तो ठिसूळ असतो आणि त्यात केलेल्या वस्तू पर्यटकांच्या पिशवीत मावण्याएवढ्याच राहतात. हे ओळखून तो अधिकाधिक कठीण दगडाकडे गेला आणि आपल्याबरोबर इतरांनाही घेऊन गेला. त्याचे भाचे जॉन आणि बर्नार्ड ताकाविरा, बर्नार्ड मान्यांदुरे, क्रिस्पेन चाकान्युका, ही सगळी माणसं त्याच्या हाताखाली तयार झाली. ‘झिंबाब्वेच्या शिल्पकलेचा जनक’ ही पदवी त्याला मिळाली ती यथार्थ आहे. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या वेळात, त्याने एक पिढी उभी केली.

हे काम जवळून पाहिलं तर त्यातली मेहनत कळते. खाणीतून आलेल्या स्प्रिंगस्टोनच्या ठोकळ्याला ऊनपावसाने गंजलेलं तपकिरी कवच असतं. शिल्पकार तो ठोकळा उभा-आडवा फिरवून आधी बराच वेळ पाहत बसतो. मातीचा नमुना नसतो, कागदावर रेखाटन नसतं. मग हातोडा आणि टोकदार छिन्नीने नको असलेला दगड उडवायचा, चपट्या छिन्नीने पृष्ठभाग उतरवायचे, कानस लावायची आणि शेवटी पाणी टाकत टाकत आधी भरड, मग बारीक पॉलिशपेपरने घासत राहायचं. या अवस्थेत शिल्प राखाडी, निस्तेज दिसतं. मग त्याच्याभोवती विस्तव पेटवतात किंवा गॅसची ज्योत फिरवतात, आणि तापलेल्या दगडावर मेण घासतात. मेण वितळून आत मुरतं आणि क्षणात दगड काळाभोर चमकू लागतो. जिथे घासलं नाही तिथे छिन्नीचे घाव आणि गंजाचा रंग तसाच राहतो. काय चमकवायचं आणि काय रांगडं ठेवायचं, या निवडीत शिल्पकाराचा हात ओळखू येतो. जॉन ताकाविरा चेहरा गुळगुळीत करी आणि केसांच्या जागी दगडाचं कच्चं कवच ठेवी. त्या डोक्यांना बघताना दगडातून माणूस अजून बाहेर येतोच आहे असं वाटत राहतं.

कार्यशाळेत आलेल्यांपैकी निकोलस मुकोम्बेरान्वा माझा विशेष आवडता. 1940 मध्ये बुहेरात जन्म, सेरिमा मिशनमध्ये ग्रोबरकडे कोरीवकाम शिकला, मग सॉल्सबरीत पोलिसात भरती झाला. ड्यूटी संपली की गॅलरीच्या कार्यशाळेत दगड फोडत बसे. त्याच्या शिल्पात चेहऱ्याचे मोठे सपाट पैलू एकमेकांना छेदतात, डोळे खोल, ओठ जड. सेरिमाची शिस्त आणि दगडाची ताकद, दोन्ही त्यात आहे. एक माणूस दिवसा गोऱ्या राजवटीचा गणवेश घालतो आणि संध्याकाळी आपल्या लोकांच्या श्रद्धांना आकार देतो, ही ओढाताण त्याच्या त्या काळच्या शिल्पांत मला दिसते. 2002 मध्ये तो गेला. त्याची मुलंमुलीही शिल्पकार झाली.

दुसरं केंद्र अगदी वेगळ्या कारणाने जन्माला आलं. 11 नोव्हेंबर 1965 रोजी स्मिथने ब्रिटनपासून एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं. जगाने ऱ्होडेशियावर आर्थिक निर्बंध घातले आणि देशाचं मुख्य निर्यातपीक असलेल्या तंबाखूचा बाजार कोसळला. उत्तरेला गुरूवे भागात, ग्रेट डाइकच्या पायथ्याशी, टॉम ब्लोमफील्डचा तेंगेनेंगे नावाचा मळा होता. तंबाखू विकता येईना, मजुरांना पगार देता येईना. 1966 मध्ये मरीगाचा भाचा चाकान्युका तिथे आला. या मळ्यावरच कोरण्याजोगा सर्पेंटाइन आहे हे त्याने ब्लोमफील्डला सांगितलं आणि दगड कसा कोरायचा तेही दाखवलं. ब्लोमफील्डने मजुरांना विचारलं, दगडावर काम करून बघता का?

ते मजूर कोण होते हे फार महत्त्वाचं आहे. ऱ्होडेशियाचे मळे आणि खाणी शेजारच्या देशांतून आलेल्या कष्टकऱ्यांवर चालत. लेमन मोझेस आणि अमाली मायलोलो मलावीचे, मकिना कामेया अंगोलाचा, फानिझानी अकुडा झांबियाचा. अकुडाला तर खाणीतून दगड काढायलाच नेमलं होतं. पुढे त्याने बारीक, मिटल्यासारख्या डोळ्यांचे, शीळ घालणारे, हसरे चेहरे घडवले आणि ते जगभर गेले. या लोकांनी आपापल्या मुलखातले मुखवटे, नाच, गोष्टी बरोबर आणल्या होत्या. मलावीहून आलेल्यांचे न्याऊ मुखवटानाच तेंगेनेंगेत होत. म्हणजे ज्याला जग ‘शोना शिल्पकला’ म्हणतं, तिचे अर्धेअधिक हात तिथे शोना नव्हते.

खुद्द शोना ही ओळखही सरकारी कागदांतून पक्की झाली. कोरेकोरे, झेझुरू, मन्यिका, करांगा, न्दाऊ अशा बोली बोलणाऱ्या लोकांना एका लिखित भाषेखाली आणण्याची शिफारस क्लेमंट डोक या भाषाशास्त्रज्ञाने सरकारच्या सांगण्यावरून 1931 मध्ये केली. प्रदर्शनासाठी एक नाव हवं होतं, ते मॅकएवनला तयार मिळालं. त्या नावाने या कलेला पॅरिसचे दरवाजे उघडले हे खरं. त्याच नावाने अंगोलाच्या कामेयाला अदृश्य केलं हेही खरं. अनेक शिल्पकारांना हे नाव जाचक वाटू लागलं. ‘आम्ही झिंबाब्वेचे शिल्पकार’ एवढंच म्हणा, असा त्यांचा आग्रह होता आणि तो रास्त होता.

तेंगेनेंगेचे दोन मोठे शिल्पकार मात्र गुरूवेचेच. बर्नार्ड मातेमेरा ट्रॅक्टर चालवायचा. त्याच्या माणसांना हातापायांची दोन-तीनच जाड बोटं असतात, पोटं सुटलेली, देह अर्धा माणसाचा अर्धा जनावराचा. झांबेझीच्या खोऱ्यात राहणाऱ्या वाडोमा लोकांमध्ये पायाला दोनच बोटं असण्याची आनुवंशिक ठेवण आढळते आणि त्यांच्याबद्दलच्या गोष्टी त्या भागात घरोघर सांगितल्या जात. मातेमेराचं जग त्यातून आलं. 1986 मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय त्रैवार्षिक प्रदर्शनात ललित कला अकादमीने त्याला पुरस्कार दिला. हेन्री मुन्यारड्झीची जात निराळी. शाळेची पायरी न चढलेला हा माणूस गुरं राखत, लोहारकी-सुतारकी करत वाढला आणि कामाच्या शोधात तेंगेनेंगेला आला. तो दगडाला फार कमी हात लावी. दोन रेघा, दोन गोल डोळे, बस. तेवढ्याने दगडाला चेहरा येई. ‘अंतराळवीरांचं लग्न’ नावाचं त्याचं एक शिल्प आहे. जे लोक या कलाकारांकडून फक्त आत्मे आणि पूर्वज यांचीच अपेक्षा धरतात, त्यांनी ते जरूर पाहावं.

आत्मे आणि पूर्वज आहेतच. या कलेची मुळं शोधायची तर ती छिन्नीच्या परंपरेत सापडत नाहीत, श्रद्धेच्या घडणीत सापडतात. शोना माणसाच्या जगात म्वारी हा सर्वांचा ईश्वर आहे, पण रोजचा व्यवहार वाड्झिमूंशी, म्हणजे कुळातल्या मृत पूर्वजांशी असतो. माणूस गेल्यावर साधारण वर्षाने त्याचा आत्मा घरी आणण्याचा विधी होतो, तेव्हा तो घराचा रक्षक बनतो. मोठ्या राजांचे आत्मे म्होन्दोरो होऊन मुलखाचं आणि पावसाचं रक्षण करतात आणि माध्यमाच्या अंगात येऊन बोलतात. प्रत्येक कुळाला एक प्राणी किंवा अवयव बांधलेला असतो. आपल्याकडच्या देवकासारखं ते नातं आहे: माकड, म्हैस, मासा, सिंह. त्या प्राण्याचं मांस खायचं नाही आणि एकाच प्राण्याच्या कुळात सोयरीक करायची नाही. पाण्यात न्जूझू राहते, ती माणसाला ओढून नेते आणि परत पाठवली तर वैद्य करून पाठवते. चापुंगू हा गरुड पूर्वजांचा निरोप घेऊन येतो.

अशा जगात माणूस आणि जनावर यांच्यामधली रेघ पुसट असते, म्हणून दगडातही ती पुसट होते. बाई अर्धी मासा होते, माणसाच्या पाठीतून पक्षी निघतो, माकडाच्या छातीत माणसाच्या फासळ्या दिसतात. सिल्वेस्टर मुबायीने हाडांचे सापळे कोरले ते मरणाच्या भीतीपोटी नव्हते. देह आणि आत्मा यांमधला प्रवास त्याला दाखवायचा होता. न्दांदारिका तरुणपणी पारंपरिक वैद्याच्या हाताखाली राहिला होता आणि रूपांतराच्या कथा तो ऐकीव म्हणून कोरत नव्हता. उलट मुन्यारड्झी ख्रिस्ती पंथाचा अनुयायी होता आणि मुकोम्बेरान्वा मिशनमध्ये वाढलेला. तेव्हा सगळ्यांच्या मनात एकच सामूहिक प्राचीन स्मृती होती, असं मॅकएवन सांगे त्यात भाबडेपणा होता. एकेका शिल्पकाराची श्रद्धा वेगळी, शंका वेगळी, विषय वेगळे.

मॅकएवनचा स्वभाव मालकी गाजवणारा होता. सुरुवातीला तेंगेनेंगेची शिल्पं त्याने गॅलरीत मांडली, पण लवकरच ब्लोमफील्डशी त्याचं बिनसलं. मळ्यावर कोणीही येतो, कसंही कोरतो, चांगलं-वाईट सगळं विकलं जातं, असा त्याचा आक्षेप. विमानतळावर पर्यटकांना खपवायच्या मालाची त्याला विलक्षण चीड होती. 1969 मध्ये त्याने आणि त्याची अमेरिकन पत्नी मेरी हिने न्यांगाजवळ वुकुतू इथे निवडक शिल्पकारांची वसाहत उभारली. मुबायी, जॉन ताकाविरा तिथे काम करत. रोदँ संग्रहालयापर्यंत पोचण्यात या कडक निवडीचा मोठा वाटा होता. ब्लोमफील्डची बाजूही मला पटते. दार सताड उघडं नसतं, तर ट्रॅक्टरवाला मातेमेरा आणि कामाच्या शोधात आलेला मुन्यारड्झी निवड समितीसमोर कधी उभे राहिले असते?

1973 मध्ये मॅकएवनने राजीनामा दिला. स्मिथच्या सरकारशी त्याचं जमणं अशक्यच झालं होतं. तो बोटीने समुद्रावर निघून गेला, नंतर इंग्लंडात राहिला आणि 1994 मध्ये वारला. त्याच्याकडची शिल्पं ब्रिटिश म्युझियमला मिळाली. त्याने राजीनामा दिला तोवर देशात युद्ध पेटलं होतं. 1972 च्या डिसेंबरात ईशान्येच्या शेतमळ्यांवर स्वातंत्र्यसैनिकांचे हल्ले सुरू झाले आणि गुरूवे त्याच टापूत येतं. पुढच्या वर्षांत तेंगेनेंगे जवळपास ओस पडलं. ग्राहक येईनात, रस्त्यांवर सुरुंग, गावकऱ्यांना कुंपणाआडच्या छावण्यांत कोंबलेलं. ज्या श्रद्धांवर ही शिल्पं उभी होती, त्याच श्रद्धा लढ्यातही उतरल्या. म्होन्दोरोंची माध्यमं सैनिकांना आशीर्वाद देत, रस्ते सांगत. म्हणून युद्धाच्या आधीचं शिल्प म्हणजे राजकारणाशी संबंध नसलेली ‘आध्यात्मिक’ कला, असं मानणं चूक ठरेल.

18 एप्रिल 1980 ला झिंबाब्वे स्वतंत्र झाला आणि दगडाची खरी भरभराट त्यानंतर झाली. हरारेत रॉय गथ्रीने चापुंगू शिल्पउद्यान उभं केलं. 1990 मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायर स्कल्प्चर पार्कमध्ये, पुढे लंडनच्या क्यू बागेत आणि अमेरिकेतल्या वनस्पती-उद्यानांत ही शिल्पं मोकळ्या आभाळाखाली मांडली गेली. अटलांटाच्या विमानतळावर प्रवाशांच्या भुयारी वाटेत झिंबाब्वेच्या शिल्पांचं कायमचं प्रदर्शन आहे, आणि ती शिल्पं उत्तम आहेत.

बायकांचं काम या काळात पुढे आलं. लोकार्डिया न्दांदारिका, अॅग्नेस न्यान्होंगो आणि माझ्या मते या सगळ्यांत ठाशीव अशी कोलीन मदमोम्बे. 1964 मध्ये जन्मलेली ही शिल्पकार बायकाच घडवत राहिली: गरोदर, पोर कडेवर घेतलेल्या, बाळंतकळा सोसणाऱ्या, हसणाऱ्या. त्यांचे घेरदार स्कर्ट ती छिन्नीच्या घावांनी खरखरीत ठेवी, गंजलेल्या कवचाचा तांबूस रंगही तसाच राही आणि चेहरा-हात तेवढे काळे चकचकीत. तिच्या बायकांचा जमिनीशी भार जाणवतो. इथे आत्मे नाहीत. इथे शेजारच्या घरातली बाई आहे. 2009 मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीतच, कोलीन गेली.

तापफुमा गुत्साने आणखी मोठी फारकत घेतली. ब्रिटिश कौन्सिलच्या शिष्यवृत्तीवर तो 1980 च्या दशकात लंडनला शिकला आणि परत आल्यावर दगडाबरोबर लाकूड, शिंग, तार, कागद वापरू लागला. चकचकीत काळ्या दगडाचीच अपेक्षा करणाऱ्या ग्राहकांना ते रुचलं नाही. त्याचा नात्यातला भाऊ डॉमिनिक बेन्हुरा मुलगा असतानाच त्याच्या स्टुडिओत पॉलिश करायला बसे. आज त्याची खेळणारी, उड्या मारणारी, आईच्या हातांवर झोके घेणारी पोरं जगभर ओळखली जातात. 2007 मध्ये ब्लोमफील्डने तेंगेनेंगेचा कारभार या बेन्हुराच्या हाती दिला.

ती वर्षं देशासाठी भयंकर होती. चलन कोसळलं, 2008 मध्ये महागाईने सगळे विक्रम मोडले, पर्यटक येणं थांबलं. बरेच शिल्पकार दुसऱ्या कामाला लागले किंवा देश सोडून गेले. जे राहिले त्यांतले काही परदेशी दलालांना हवे तेच, आई-मूल आणि प्रेमी युगुलांचे, एकाच साच्याचे आकार शेकड्याने काढत राहिले. रस्त्याकडेच्या बाजारात ते आजही दिसतात. तरीही तेंगेनेंगेच्या उघड्या माळावर आजही दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे शिल्पकार काम करतात, त्यांत मलावी-अंगोलाहून आलेल्या त्या मजुरांची नातवंडंही आहेत. त्यांच्या शिल्पांच्या तळाशी प्रत्येकाचं स्वतःचं नाव कोरलेलं असतं. प्रदर्शनाच्या पाटीवरही आधी तेच नाव लिहावं, टोळीचं मग.